प्रिंट ऑर्डर नसलेलं पान

अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या छापखान्यांत एक रिवाज होता. शेवटचं प्रूफ गिऱ्हाइकानं स्वतः वाचायचं, राहिलेल्या चुकांवर लाल शाईनं खुणा करायच्या आणि कोपऱ्यात ‘छापावे’ असं लिहून खाली सही-तारीख टाकायची. ही झाली प्रिंट ऑर्डर. ती हातात पडल्याशिवाय कागद मशीनवर चढत नसे, आणि ती पडल्यावर लग्नपत्रिकेत मामांचं नाव राहून गेलं तरी छापखान्याला कुणी बोल लावत नसे. पैशांचा हिशेबही त्या सहीपाशीच ठरायचा. सहीपर्यंतच्या दुरुस्त्या दरात धरलेल्या, सहीनंतरच्या वेगळ्या.

वेबसाइटच्या धंद्यात पुण्यातले आम्ही बरेचजण याच गल्ल्यांतून आलो. पेजमेकरवर पुस्तकं लावणारे, कोरलड्रॉमध्ये पत्रिका आणि हँडबिलं करणारे, श्रीलिपीचा कीबोर्ड बोटांत बसलेला, असे डीटीपीवाले. १९९८-९९च्या सुमारास आमचं गिऱ्हाईकच विचारू लागलं, ‘ताई, ब्रोशर केलंत तसं इंटरनेटवरही टाकून द्याल का?’ आम्ही टाकून देऊ लागलो, कागदाच्या सगळ्या सवयींसकट. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत चांगल्या वेब डिझाइनची म्हणून जी तत्त्वं जगभर रुजली, त्यांतली बहुतेक या सवयी सोडता सोडताच सापडली, असं माझं ठाम मत आहे. आणि मराठीपुरतं बोलायचं तर त्या सवयींची किंमत आपण फार मोठी मोजली.

खरं तर वेब ज्यांनी रचलं त्यांच्या मनात कागद नव्हताच. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये ती जगासमोर खुली केली. त्यांची अडचण साधी होती. सर्नमध्ये येणाऱ्या शास्त्रज्ञांकडे तऱ्हेतऱ्हेचे संगणक होते, कुणाचा पडदा रंगीत, कुणाचा नुसत्या हिरव्या अक्षरांचा. म्हणून पानानं एवढंच सांगायचं ठरलं की हा मथळा, हा परिच्छेद, हा दुवा. मथळा किती मोठा दिसावा, कुठल्या अक्षरात दिसावा, हे वाचणाऱ्याच्या यंत्रानं ठरवायचं.

सर्नमध्येच काम करणाऱ्या होकोन व्हिउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये एक प्रस्ताव ठेवला. पानाच्या रूपाचे नियम लिहायच्या ज्या भाषेला आपण पुढे सीएसएस म्हणू लागलो, तिचा तो पहिला खर्डा. त्यात एक विलक्षण तरतूद होती. पान करणाऱ्यानं आपली मागणी टक्क्यांत मांडायची. त्यातल्या उदाहरणात मुख्य मथळा २४ पॉइंटात हवा, ही मागणी शंभर टक्के होती. उपमथळा २० पॉइंटात हवा, ही फक्त चाळीस टक्के. उरलेल्या साठ टक्क्यांत वाचकाची पसंती बसायची, आणि दोघांचं मिळून जे निघेल ते पडद्यावर यायचं. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली अधिकृत आवृत्ती निघाली तेव्हा टक्केवारी गळून गेली होती. तरी लेखकाची एक मांडणी आणि वाचकाची एक मांडणी, दोन्ही ग्राह्य, हा पाया राहिला. गिऱ्हाईक, डिझाइनर आणि वाचक यांच्यातली ओढाताण सोडवण्याचा इतका प्रामाणिक प्रयत्न मी दुसऱ्या कुठल्या धंद्याच्या नियमांत पाहिलेला नाही.

आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. आमच्यापर्यंत पोचलं ते टेबल. १९९५ मध्ये नेटस्केपनं पानावर तक्ता काढायची सोय केली. आकडे मांडण्यासाठी केलेली ती सोय जगभरच्या डिझाइनरांनी पानं आखायला वापरली. आकड्यांऐवजी चौकटीचौकटीतून चित्रं बसवायची, रेषा पुसून टाकायच्या, की झालं ब्रोशर. अमेरिकेत डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या पुस्तकानं आणखी एक युक्ती सगळीकडे नेली. एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच, पूर्ण पारदर्शक असं जिफ चित्र घ्यायचं आणि त्याला हवं तेवढं ताणायचं. दोन परिच्छेदांत बारा पिक्सेल जागा हवी? ते चित्र बारा पिक्सेल उंच करून मध्ये खुपसायचं. एका साध्या पानाच्या आत अशी पन्नास-पन्नास अदृश्य चित्रं असायची, एका टेबलात दुसरं, दुसऱ्यात तिसरं. फोन नंबर बदलायचा तर कुठल्या चौकटीच्या पोटातल्या चौकटीत तो आहे, हे शोधण्यात सकाळ जायची. आणि हे सगळं कशासाठी, तर पान प्रत्येक संगणकावर कागदासारखं, तसूभरही न हलता दिसावं म्हणून. तळाला आम्ही पाटी लावायचो, की ही साइट ८०० बाय ६०० च्या पडद्यावर अमुक ब्राउझरमध्ये पाहावी.

वाचक ती कशी पाहत होता? आपल्याकडे विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. चित्रं दिसणारं खातं घरगुती वापरासाठी वर्षाला १५ हजार रुपयांचं. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत शेल खातं मिळायचं, पण त्यावर दिसायची ती नुसती अक्षरं. चित्राच्या जागी कंस आणि त्यात एक शब्द. पुढे खासगी कंपन्या आल्या, सायबर कॅफे निघाले, तेव्हाही ५६ केच्या मोडेमवर सेकंदाला फार तर पाच-सहा किलोबाइट उतरायचे. शंभर किलोबाइटचं पान म्हणजे वीस सेकंद, आणि कॅफेचं मीटर चालूच. पान हलकं असावं, आधी मजकूर उतरावा, चित्रं मागून यावीत, हे मी कुठल्या पुस्तकात वाचायच्या आधी कॅफेतल्या पोरांच्या मांडीवर ताल धरणाऱ्या बोटांकडे बघून शिकले.

आता मराठीच्या किमतीबद्दल. देवनागरी संगणकावर आणण्याचं मोठं काम पुण्याच्या सी-डॅकनं केलं. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये ठरलंही होतं. पण छपाईच्या जगात प्रत्येक फॉन्टवाल्याची मांडणी वेगळी. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर त्यांनी मराठीचे तुकडे बसवलेले असत, अर्धा ग एका जागी, काना दुसऱ्या, रफार तिसऱ्या. कागदावर छापून निघालं की कुणाला फरक पडत नव्हता. वेबवर मात्र वाचकाच्या संगणकात तोच फॉन्ट नसेल तर ‘महाराष्ट्र’च्या जागी इंग्रजी अक्षरं, तिरक्या रेषा आणि उद्गारचिन्हं उमटायची.

यावर आमच्याकडे तीन वाटा होत्या. पहिली, सगळा मजकूर चित्र करून टाकायचा. दुसरी, ‘आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना लावायची. कॅफेतल्या संगणकावर फॉन्ट टाकायची परवानगी मिळत नसे, म्हणजे तो वाचक गेलाच. तिसरी वाट डायनॅमिक फॉन्टची. फॉन्टची एक फाइल इंटरनेट एक्सप्लोररसाठी आणि दुसऱ्या प्रकारची नेटस्केपसाठी करून साइटवर ठेवायची, पानाबरोबर ती आपोआप उतरायची. मराठी वृत्तपत्रांच्या साइट कित्येक वर्षं अशाच चालल्या. पाश्चात्त्य डिझाइनर स्वतःचे फॉन्ट वेबवर सर्रास वापरू लागले ते २००९-१०च्या पुढे. आपण गरजेपोटी ते दहा वर्षं आधी करत होतो, आणि या गोष्टीची नोंद वेबच्या कुठल्याही इतिहासात मला दिसलेली नाही. ती असायला हवी.

पण तिन्ही वाटांनी एकच झालं. पानावर मराठी दिसत होतं, पण पानात मराठी नव्हतं. शोधयंत्राला ते सापडत नव्हतं. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की कचरा. अंध वाचकाचं यंत्र तो उच्चारू शकत नव्हतं. जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी एकच प्रमाण असलेल्या युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, विंडोज २००० मध्ये ती वापरायची सोय आली, सोबत र. कृ. जोशी यांनी रेखलेला मंगल हा फॉन्ट. जोशी सरांनी पवईच्या आयआयटीत अक्षर कसं पाहावं हे शिकवत पिढी घडवली, आणि लाखो लोकांनी संगणकावर वाचलेलं पहिलं देवनागरी अक्षर त्यांच्या हातचं होतं. तरीही बदल व्हायला वर्षं गेली. कॅफेत विंडोज ९८ होतं, वृत्तपत्रांच्या जुळणी विभागात जुने फॉन्ट होते, आणि आमच्यासारख्यांच्या बोटांत जुने कीबोर्ड.

गिऱ्हाइकाच्या सवयीही कागदाच्याच, आणि त्यामागे चोख हिशेब होता. वर्तमानपत्रातली जाहिरात कॉलम-सेंटिमीटरवर विकली जाते. एकेक सेंटिमीटरचे पैसे मोजलेल्या माणसाला मोकळी जागा दिसली की वाटतं, हे पैसे वाया गेले. आमच्या क्षेत्रातले पुष्कळ लोक गिऱ्हाइकाला रुची नाही म्हणून मोकळे होतात. मला ते कधीच पटलं नाही. तो माणूस ज्या बाजारात शिकला तिथल्या नियमानं तो बरोबरच होता. त्याला नवा बाजार दाखवणं हे काम आमचं.

सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेचे मालक, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, २००१ मध्ये साइट करून घ्यायला आले. सोबत घडीचं पत्रक. वर गणपती, दोन्ही बाजूंना आईवडिलांचे फोटो, मध्ये शेतीखात्याकडून मिळालेलं प्रशस्तिपत्र, खाली रोपांच्या नावांची दाट यादी आणि सगळ्यात तळाशी, बारीक टायपात, फोन. हे सगळं पहिल्याच पानावर हवं होतं. मी त्यांना मोकळ्या जागेवर व्याख्यान दिलं असतं तर त्यांनी ते मान खाली घालून ऐकलं असतं आणि वर पुन्हा म्हणाले असते, ‘ताई, बरोबर हाय तुमचं, पण फोटो जरा मोठा घ्या.’

त्यांना घेऊन मी कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेले. पत्रकाबरहुकूम केलेलं पान उघडलं आणि गल्ल्यावर बसलेल्या मुलाला म्हटलं, ‘समज तू शेतकरी आहेस. गणेश डाळिंबाची गुटी कलमं इथे काय भावाने मिळतात, शोध.’ अण्णांना विनंती केली, की मधे बोलायचं नाही. मुलानं आधी गणपतीवर क्लिक केलं. मग प्रशस्तिपत्रावर. मग पान खाली-वर केलं, यादीत ‘डाळिंब’ त्याला दिसलं, पण त्यावर क्लिक करून काही होईना. भाव कुठेच नव्हता. मग तो मागे टेकून म्हणाला, ‘इथं नसेल, काका.’ अण्णांचे हात दोन वेळा पडद्याकडे गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी ते मागे घेतले. बाहेर आल्यावर चहा घेताना त्यांनीच विषय काढला. ‘ताई, भाव आणि फोन वर घ्या. आई-वडील आतल्या पानावर असू देत, त्यांना चालंल.’

डेन्मार्कचे जेकब नीलसन यांनी त्याच्या आदल्या वर्षीच, मार्च २००० मध्ये, लिहून ठेवलं होतं, की पाच माणसांना आपली साइट वापरताना नुसतं बघितलं तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. स्टीव्ह क्रग यांचं वाचकाला विचार करायला न लावण्याविषयीचं पुस्तकही २००० मधलंच. ते लेखन हाती पडलं तेव्हा मला सर्वांत भावलं ते हे, की त्यात वादाचा निकाल डिझाइनरही देत नाही आणि गिऱ्हाईकही नाही. तिसराच माणूस देतो, आणि तोही न बोलता. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाशी रंगावरून, आकारावरून वाद घालत नाही. त्यांच्याच दुकानात येणारं कुणीतरी बोलावून घेते आणि दोघांनाही शेजारी बसवते.

पानावर हलती चित्रं आणि आवाज आणणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा काळ मी थोडक्यात सांगते. उघडताच समई पेटायची, सनई वाजायची, अक्षरं फिरत यायची, आणि कोपऱ्यात ‘स्किप इंट्रो’ लिहिलेलं असायचं, ज्यावर प्रत्येक वाचक सगळ्यात आधी क्लिक करायचा. त्यात कष्ट होते, कलाही होती. आयफोननं ते चालू दिलं नाही, आणि २०२० च्या अखेरीस खुद्द अडोबीनंच फ्लॅश बंद केलं. त्या साइट आजच्या ब्राउझरमध्ये आपणहून उघडत नाहीत.

दरम्यान ज्यांनी वाट बदलली त्यांच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता आहे. १९९८ मध्ये जेफ्री झेल्डमन आणि त्यांच्या सोबत्यांनी वेब स्टँडर्ड्‌स प्रोजेक्ट सुरू करून ब्राउझर कंपन्यांना एकाच प्रमाणावर या म्हणून धारेवर धरलं. एप्रिल २००० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन ऑलसॉप यांनी ताओवादाचा आधार घेऊन एक लेख लिहिला. त्याचा गाभा असा, की छपाईत डिझाइनरचा पानावर जो पूर्ण ताबा असतो ती कागदाची मर्यादा आहे, आणि वेबवर ती नाही याचा खेद न करता तिथून सुरुवात करावी. मग २००३ मध्ये कॅनडाच्या डेव्ह शे यांनी सीएसएस झेन गार्डन उघडलं. मजकुराची फाइल एकच, तिला हात लावायचा नाही. जगभरच्या डिझाइनरांनी फक्त सीएसएसची फाइल बदलून पाठवायची. तोच मजकूर कधी जपानी बागेसारखा, कधी जुन्या पोस्टरसारखा दिसायचा. मी एका संध्याकाळी ती पानं एकामागून एक बदलत बसले, आणि मजकूर वेगळा, रूप वेगळं हे जे इतके दिवस नुसतं वाचलं होतं ते डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी आमच्या कार्यालयातली पारदर्शक जिफची फाइल मी पुसून टाकली.

आणि इथेच छापखान्याची एक जुनी शिस्त नव्यानं उपयोगी पडली. छापखान्यात मॅटर आल्याशिवाय कुणी कामाला हात लावत नसे. किती गॅली होतील, किती फर्मे, कागद किती, सगळं मॅटरवर. वेबच्या धंद्यात मात्र उलटी रीत पडली. ‘मॅटर नंतर देतो, तोवर डिझाइन करून ठेवा.’ मग डिझाइनर पानं भरायचा ती लोरेम इप्सम या लॅटिन भरताडीनं. सिसेरोच्या ग्रंथातले मोडतोड केलेले ते तुकडे, लेट्रासेटच्या शीटवरून डीटीपीत आले आणि तिथून वेबवर. त्या लॅटिनला वर वेलांटी नाही, रफार नाही, खाली उकार नाही. त्यावर बेतलेल्या ओळींत ‘कर्तृत्व’, ‘मूर्तींसाठी’ असे खरे शब्द आले, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वाराला जाऊन भिडतो. देवनागरीला दोन ओळींत लॅटिनपेक्षा जास्त हवा लागते. बटणावर ‘अप्लाय’ जिथे सुखानं बसतं तिथे ‘अर्ज दाखल करा’ दुमडतं. माहेरवाशिणीचं माप न घेता ब्लाउज शिवायला टाकावा तसा हा प्रकार. म्हणून माझ्याकडे आता नियम आहे, आधी मॅटर. पूर्ण नसेल तर निम्मं द्या, पण खरं द्या, मराठीत द्या. यावरून दोन-तीन कामं हातची गेली, तरी नियम सोडलेला नाही.

प्रिंट ऑर्डरची उणीव भरून काढायला जास्त वेळ लागला. वेबचं पान कधीच छापून संपत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं की दुरुस्ती म्हणजे एक फोन. एका शिक्षणसंस्थेच्या कामात विश्वस्त मंडळातल्या प्रत्येकानं वेगवेगळ्या दुरुस्त्या कळवल्या. एकानं वर घेतलेला फोटो दुसरा खाली घ्यायला सांगायचा. मध्येच मंडळ बदललं, नव्यांनी सगळंच नव्यानं मागितलं, आणि शेवटच्या हप्त्याचे पैसे कधीच आले नाहीत. तिथे मुलांच्या प्रवेशाची माहिती पानाच्या तळाशी पडून राहिली, याचा सल मला पैशांपेक्षा जास्त आहे. छापखान्यात सही एकाची असे, हे त्या रिवाजाचं खरं बळ होतं. आज मी कराराच्या पहिल्याच कलमात निर्णय देणाऱ्या एका माणसाचं नाव लिहून घेते. टप्पे तीन ठेवते, आधी मजकुराचा आराखडा, मग रूप, मग चालतं पान. प्रत्येक टप्प्याला तारीख, सही आणि त्या टप्प्याचे पैसे. दुरुस्तीच्या फेऱ्या मोजलेल्या. आणि पान सुरू झाल्यावर वर्षभर ते कोण सांभाळणार, त्याचं नाव वेगळं. नोटीस कोण बदलणार हे न ठरवता उघडलेली साइट सहा महिन्यांत शिळी होते, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता त्या नावाशिवाय मी कामच घेत नाही.

मग फोन आला आणि कागदाचा उरलासुरला आकारही गेला. आयफोनच्या आधीच आपल्याकडे साध्या नोकियावर ऑपेरा मिनी हा ब्राउझर चालायचा. तो पान स्वतःच्या सर्व्हरवर दाबून छोटं करून पाठवायचा. त्या फोनांत देवनागरी नसायची, सगळीकडे चौकोन. पण ऑपेराच्या आत एक आडवळणाचं पान होतं, तिथे जाऊन ‘अवघड लिप्यांसाठी चित्र-अक्षरं वापरा’ या अर्थाचा एक पर्याय ‘हो’ केला की मराठी उमटायचं. कॉलेजातल्या पोरांना तो पर्याय एकमेकांकडून कळायचा. त्यातून एक गोष्ट माझ्या मनावर ठसली. साइट युनिकोडमध्ये असेल तर कुठल्या ना कुठल्या मार्गानं वाचक ती वाचू शकायचा. मजकूर चित्रात किंवा जुन्या फॉन्टात असेल तर त्याला कुठलाच मार्ग नव्हता.

मे २०१० मध्ये अमेरिकेच्या ईथन मार्कॉट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपणहून मांडणी बदलणाऱ्या पानाची रीत मांडली. लेखाची सुरुवात त्यांनी ऑलसॉप यांच्याच शब्दांनी केली आहे. दहा वर्षांपूर्वीच्या विचाराला अखेर अवजार मिळालं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि वर्षभरात माझ्या गिऱ्हाइकांचे बहुतेक वाचक फोनवर गेले. अण्णांचे चिरंजीव आता रोपवाटिका बघतात. त्यांच्याकडे येणारा शेतकरी बांधावर उभा राहून, उन्हात, एका हाताने भाव बघतो. म्हणून त्या साइटवर पांढऱ्यावर काळी अक्षरं आहेत, भाव सगळ्यात वर आहेत, आणि फोनचा आकडा अंगठ्याखाली येईल एवढा मोठा.

सरकारी संकेतस्थळांसाठी एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेनं २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. ही संकेतस्थळं सर्वांना, अपंगांनाही, वापरता यावीत असा त्या तत्त्वांचा आग्रह आहे. तरी आजही कितीतरी कार्यालयांत आधी संगणकावर टंकलेली नोटीस छापतात, सही-शिक्का मारतात, स्कॅन करतात आणि ते चित्र साइटवर चढवतात. एनव्हीडीएसारखं फुकट मिळणारं, मराठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आज अंध विद्यार्थ्याच्या हाती आहे, आणि शिष्यवृत्तीच्या नोटिशीपाशी ते गप्प होतं. मला याचा फार राग येतो. शिक्का हवा तर जरूर मारा, पण शेजारी मजकूर मजकूर म्हणून ठेवा. त्याला पाच मिनिटं लागतात.

चांगल्या बाजूला एक मोठी गोष्ट घडली. मंगलच्या काळात वेबवरचं देवनागरी हिंदी वळणाचं होतं. ल दंड असलेला, श गाठीचा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानं मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला, आणि मुंबईच्या ‘एक टाइप’सारख्या गटांनी मुक्ता, बलू असे फॉन्ट रेखून कुणालाही फुकट वापरायला खुले केले. आता चांगला फॉन्ट घेऊन पानाच्या अगदी सुरुवातीला ‘ही भाषा मराठी’ एवढं यंत्राला सांगितलं, की फॉन्टात सोय असेल तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात. पुष्कळ मराठी साइट तिथे इंग्रजी किंवा हिंदीच लिहून ठेवतात. गिऱ्हाइकानं हे एवढं जरी तपासून मागितलं तरी खूप झालं.

सध्या माझ्या टेबलावर एका नियतकालिकाचे जुने अंक आहेत, २००० नंतरच्या काही वर्षांचे, त्या वेळच्या फॉन्टात जुळवलेले. छापील प्रती विरल्या, फायली उरल्या. त्या युनिकोडमध्ये आणायच्या म्हणजे आधी तक्ता करायचा, कुठल्या इंग्रजी चिन्हाच्या जागी मराठीचा कुठला तुकडा बसवला होता त्याचा. मग दुरुस्त्या. जुन्या फॉन्टात ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क मागून टंकलेला असतो, युनिकोडला क आधी लागतो. ‘कार्य’मधला रफार जुन्या फायलीत य नंतर येतो, तो उचलून य च्या आधी न्यावा लागतो. अर्धा ग आणि काना जोडून ग करायचा, पण तो काना खरोखरच आकाराचा असेल तर तसाच ठेवायचा. प्रोग्रॅम बहुतेक करतो, उरलेलं डोळ्यांनी. एका लेखाला दुपार लागते. संपादकांनी विचारलं, हे सगळे अंक किती दिवसांत होतील. मी त्यांना म्हटलं, आधी लेखांच्या नावांची यादी द्या आणि वाचक कुठले लेख मागतात तेवढ्यांवर खूण करा, तिथून सुरू करू.